कापत कापत पुढे आलेला विश्वास

मार्ककृत शुभवर्तमानाच्या 5व्या अध्यायातील ती स्त्री 12 वर्षे रक्तस्रावाने पीडित होती. वैद्यांपायी सारे गमावून बसली होती. गर्दीत मागून येऊन तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला आणि ती बरी झाली. प्रभूने विचारले तेव्हा ती भीतीने कापतच पुढे आली, सगळे खरे बोलली. प्रभू रागावला नाही. त्याने तिला मुलगी म्हटले आणि त्या कापण्यासकट तिच्या विश्वासाचे नाव घेतले.

धर्माबादहून आम्ही किनवटच्या कोलाम व गोंड वस्त्यांवर जातो, तेव्हा मला तीच आठवते. काही घरांत सिकलसेल लपवतात. मुलीचे लग्न मोडेल ही धास्ती. हा आजार आईवडिलांकडून येतो, शापाने नाही की शिवल्याने नाही. बोटातल्या थेंबभर रक्तावर पहिली तपासणी होते. पुढच्या फेरीला त्या बायांसोबत बसायला दोघीतिघी भगिनी हव्या आहेत.