परदेशातील ग्रीष्म, एसी आणि आपण देत असलेला सल्ला

उरणच्या वैद्याला परदेशातील उन्हाळ्याविषयी लिहिण्याचा अधिकार काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आमच्या रुग्णनोंदवहीत आहे. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यापासून या तालुक्यातील घराघरांतून क्रेन चालविणारे, जहाजावर चढणारे आणि संगणकावर बसणारे तरुण बाहेर पडले. कोणी आखातात गेले, कोणी इंग्लंड-जर्मनीत स्थिरावले. आई-वडील मात्र येथेच राहिले आणि वर्षातून दोन-तीन महिने मुलांकडे जाऊ लागले. औषधाच्या पुड्या येथून जातात आणि शंका दूरध्वनीवरून परत येतात. त्या शंकांत गेल्या काही वर्षांत एक प्रश्न वारंवार येतो : 'घरात एसी लावू की नको?'

या प्रश्नाला प्रस्तुत लेखक वर्षानुवर्षे ठरलेले उत्तर देत असे. कृत्रिम शीत वायू वातप्रकोपक आहे, सांध्यांना व घशाला अहितकर आहे, शक्यतो टाळावा. आपल्यापैकी अनेकांचे उत्तर याहून फारसे वेगळे नसावे. हे उत्तर एकदा चुकले. कसे चुकले, ते व्यवसायबंधूंसमोर मांडावे यासाठीच हा लेखनप्रपंच.

रुग्णा, वय वर्षे ७२, वातपित्तप्रधान प्रकृती, दोन्ही जानुसंधींत संधिगतवात, रक्तदाबासाठी मूत्रल गोळी कायम चालू. २०२२ च्या जूनमध्ये त्या लंडनला मुलाकडे गेल्या. घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्या पश्चिमेला. जुलैच्या मध्यास तेथे असाधारण उष्णतेचा इशारा देण्यात आला, तेव्हा मुलाने दूरध्वनी करून विचारले की चाकांवर सरकविता येणारा एसी विकत आणू का. येथे त्या दिवशी मुसळधार पाऊस पडत होता. माझ्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत पाणी आले होते आणि मनात वर्षाऋतुचर्या होती. मी म्हणालो, "आईंचे गुडघे पाहता एसी नकोच. खिडक्या उघड्या ठेवा, पंखा लावा, वाळ्याचे पाणी द्या, मुगाचे कढण द्या."

१९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले गेले. ब्रिटनच्या नोंदींत तोपर्यंत इतके तापमान कधीही आले नव्हते. लंडनमध्येही पारा चाळिशीपार गेला. आजीबाई माझ्या सल्ल्याप्रमाणे उघड्या खिडकीशी, पंख्यासमोर बसून होत्या. सायंकाळी सून घरी आली तेव्हा त्वचा तप्त व कोरडी, बोलणे असंबद्ध, नाडी द्रुत. सुनेने प्रसंगावधान राखून अंगावर ओले पंचे टाकले आणि रुग्णवाहिका बोलाविली. काही दिवस रुग्णालयात राहून त्या बऱ्या झाल्या. मुलाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. ते अधिक जड गेले.

चूक कोठे झाली, याचा विचार पुढे कित्येक दिवस चालू होता. 'खिडक्या उघड्या ठेवा' हा सल्ला उरणच्या घराचा आहे. येथे दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. कौलारू घराची पडवी, सारवलेली जमीन आणि समोरासमोरची दारे-खिडक्या ही सर्व रचना त्या वाऱ्याला वाट देण्यासाठी झालेली आहे. लंडनचे घर नेमक्या उलट हेतूने बांधलेले असते. आठ महिने ऊब धरून ठेवणे हे त्याचे काम आणि ते काम ते उन्हाळ्यातही इमानेइतबारे करीत राहते. जुलैत तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे पश्चिमेच्या खिडकीतून दुपारपासून नऊपर्यंत ऊन आत येत होते, आणि मी ती खिडकी उघडी ठेवावयास सांगितली होती. अशा ठिकाणी दिवसा खिडक्या व पडदे बंद ठेवावेत आणि बाहेरची हवा घरातील हवेपेक्षा थंड झाल्यावरच त्या उघडाव्यात, हे तेथील सामान्य गृहिणीलाही इशाऱ्यात सांगितलेले होते.

पंख्याचेही तसेच. पंखा हवा थंड करीत नाही, घाम वाळवितो. घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो, एवढाच त्याचा गुण. उतारवयात घाम कमी येतो, मूत्रल औषधाने रसधातू आधीच क्षीण झालेला असतो. अशा देहावर चाळीस अंशांची हवा सोडणे म्हणजे शेकच. 'पंखा लावा' म्हणताना या दोन्ही गोष्टी माझ्या नोंदवहीत लिहिलेल्या होत्या.

२००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसे दगावली. त्यांत वृद्ध बहुसंख्य होते, आणि पॅरिसमधील जस्ताच्या पत्र्याखालील वरच्या मजल्यांवरील खोल्यांत एकटी राहणारी माणसेही होती. हे वृत्त त्या वेळी आपण सर्वांनी वाचले होते. पण त्याचा आपल्या दूरध्वनीवरील सल्ल्याशी काही संबंध आहे, असे मला तरी वाटले नव्हते.

ग्रंथांकडे वळल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शीतगृह आपल्या शास्त्राला वर्ज्य नाही, उलट ग्रीष्मात विहित आहे. चरकाचार्यांनी तस्याशितीय अध्यायात ग्रीष्मात दिवसा शीतगृहात निद्रा घ्यावी असे सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनी तर अष्टांगहृदयात धारागृहाचे वर्णन केले आहे : सुगंधी जलाने भिजविलेले पडदे, पाण्याचे तुषार, केळीच्या कोवळ्या पानांची शय्या. हा राजाचा एसीच म्हणावयाचा! मग आपण कृत्रिम गारव्याला सरसकट अपथ्य कसे ठरविले? मला वाटते, आपण निषेध केला तो शीताचा नव्हे, शीताच्या गैरवापराचा. कालांतराने वाक्यातील 'गैरवापर' गळून पडला आणि निषेध तेवढा राहिला.

धारागृहाचेही देशसापेक्ष मर्म आहे. वाळ्याचा पडदा किंवा नागपूरकडचा कूलर कोरड्या हवेत उत्तम चालतो, कारण कोरडी हवा पाणी शोषून थंड होते. तोच कूलर उरणात आणला तर खोलीची मोरी होते. आमची हवा आधीच ओलाव्याने भरलेली असते. ती आणखी काय शोषणार? जांगल आणि आनूप देशांतील हा भेद आपण विद्यार्थ्यांना पाठ करावयास लावतो. येथे एक रंजक गोष्ट नमूद करावीशी वाटते. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील छापखान्यासाठी जे यंत्र योजले, ते माणसांच्या सुखासाठी नव्हते. दमट हवेने कागद फुगे आणि रंग एकावर एक बसत नसत, म्हणून हवेतील ओलावा काढणे हा त्याचा हेतू होता. म्हणजे एसी हे जन्मतः आनूप देशाचे यंत्र आहे.

आता आखाताकडे. तेथील आमच्या रुग्णांची तक्रार उलट स्वरूपाची. क्रेन चालविणारा एक तरुण दर वर्षी रजेवर येताना प्रतिश्याय, मन्यास्तंभ आणि अंगावर उठणारी शीतपित्ताची गांधी घेऊन येई. येथे तीन आठवड्यांत बरा होई, परत गेल्यावर पुन्हा तेच. सविस्तर विचारता कळले की चौघांच्या खोलीत एसी सोळा अंशांवर असतो आणि रिमोट सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याच्या उशाखाली. बाहेर पंचेचाळीस अंश, आत सोळा, आणि दिवसातून दहा वेळा ये-जा. घामाघूम होऊन आला की पहिले काम शीतकपाटातील बर्फाचे पाणी पिणे. उन्हाने व श्रमाने तापलेल्या देहाने एकदम थंड पाणी सेवन करणे हे चरकांनी कुष्ठाच्या निदानात घातले आहे, आणि शीतपित्ताच्या हेतूंत माधवनिदान शीत वायूच्या स्पर्शाचा उल्लेख करते. निदान ग्रंथात लिहिलेले, रुग्ण समोर बसलेला.

परंतु त्यालाही 'एसी बंद करा' असे सांगणे मूर्खपणाचे ठरले असते. ऑगस्टमधील आखाती रात्र दमट असते आणि पारा बहुधा तिशीखाली उतरत नाही. संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे. उन्हात काम केलेल्या देहाला रात्रीची झोप मिळालीच पाहिजे. त्याला सांगितले ते असे : पंचवीस-सव्वीस अंश, झोत अंगावर नको, पातळ चादर असावी; बाहेरून येताच थेट खोलीत न जाता पाच-दहा मिनिटे जिन्यात थांबावे; पाणी माठाइतकेच गार; सकाळी नाकात तिळाच्या तेलाचे प्रतिमर्श नस्य. रिमोटचा प्रश्न त्याने पलंग बदलून सोडविला. पुढील रजेत मन्यास्तंभ नव्हता, गांधी क्वचित उठत होत्या.

या तरुणाकडून एक गोष्ट मीही शिकलो. रजेवरून परतल्यावर पहिले आठ-दहा दिवस सर्वांत कठीण जातात, असे तो म्हणे. उष्णतेची सवय होण्यास देहाला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, असे आधुनिक क्रियाशारीरही सांगते. आपला ऋतुसंधी चौदा दिवसांचा. मागच्या ऋतूचा विधी त्यात क्रमाने सोडावयाचा आणि पुढचा क्रमाने धरावयाचा. विमानाने सहा तासांत ऋतू बदलणाऱ्या माणसाला हा संधिकाल कोणी देत नाही. तो आपण मागून घ्यावयास सांगितला पाहिजे. परतल्यावर पहिला आठवडा जादा पाळी नको, एवढे जरी मुकादमाला पटले तरी पुष्कळ.

'हे सारे परदेशाचे, आपल्याकडे वाऱ्यावर भागते' असे म्हणण्याचे दिवसही गेले. उरणपासून फार दूर नसलेल्या खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी एका पुरस्कार सोहळ्यास उघड्या मैदानावर लाखोंचा समुदाय भर दुपारी बसला होता. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. पारा त्या दिवशी चाळिशीच्या आतच होता. किनाऱ्यालगतच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम देहाला निववीत नाही. आमची मिठागरातील माणसे हे जाणून होती. ती पहाटे कामाला लागत आणि ऊन चढण्यापूर्वी सावलीत येत. आता कौले जाऊन स्लॅब आले, पडवी बंद करून खोली झाली, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खाली उष्णता सोडतो. अशा घरात वृद्धाला एसी नाकारताना वैद्याने दोनदा विचार करावा.

हल्ली असा दूरध्वनी आला की मी प्रथम प्रकृती विचारीत नाही. घर कोणत्या मजल्यावर, खिडकी कोणत्या दिशेला, रात्री बाहेर किती तापमान उतरते, खोलीत उष्णतामापक आहे का आणि कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेने खोलीचे तापमान दिवसा ३२ अंशांखाली व रात्री २४ अंशांखाली राखावे असे सुचविले आहे. दिवसाचा आकडा खिडक्या-पडद्यांनी साधत नसेल तर, रुग्ण वृद्ध असल्यास, एसी लावा असे स्पष्ट सांगतो. गुडघ्यांना लोकरीचे पट्टे आणि अभ्यंग आहेतच. संधिगतवात माणसाला कष्टवितो, उष्माघात त्याला घेऊन जातो. आणि बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली, तर चंदनाचा लेप उगाळीत बसू नये. अंग पाण्याने भिजवीत, वारा घालीत रुग्णालय गाठावे. वाळा, चंदन, मनुकांचे पानक ही ग्रीष्माची पथ्ये आहेत, आत्ययिक चिकित्सा नव्हे.

त्या आजीबाई पुन्हा मुलाकडे गेल्या. या खेपेस जाण्यापूर्वी दवाखान्यात आल्या, महानारायण तेलाच्या दोन बाटल्या घेतल्या आणि एसीचा विषय स्वतःच काढला. "डॉक्टर, मुलाने मशीन घेतलंय. सव्वीसवर ठेवते आणि शाल घेऊन बसते. चालेल ना?" मी चालेल म्हणालो. बाटल्यांची झाकणे घट्ट आहेत का, एवढे त्यांनी दोनदा पाहून घेतले.