प्राथमिक शाळेतील शारीरिक सुदृढता व आरोग्यदायी सवयींचे अध्यापन : धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्याची क्रीडाक्षेत्रातील ओळख प्रामुख्याने खो-खोमुळे आहे. २०१६ साली गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व याच जिल्ह्यातील सारिका काळे यांनी केले व २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार प्राप्त झाला. ही बाब निश्चितच अभिमानास्पद होय. तथापि क्रीडानैपुण्य आणि शारीरिक सुदृढता या दोन भिन्न संकल्पना आहेत. निवडक खेळाडूंचा संघ घडविणे हे क्रीडा प्रशिक्षणाचे उद्दिष्ट असते, तर वर्गातील प्रत्येक बालकाचे हृदय, फुप्फुसे, स्नायू व अस्थी सक्षम करणे हे शारीरिक शिक्षणाचे. प्राथमिक स्तरावर या दोहोंची गल्लत झाली की चपळ मुले खेळतात आणि उरलेली मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवितात.

शिक्षक कोण ?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस क्रीडांगण व क्रीडासाहित्य आवश्यक मानले आहे. मात्र आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद केवळ सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, तीही पटसंख्या १०० हून अधिक असल्यास आहे. पहिली ते पाचवीसाठी स्वतंत्र शारीरिक शिक्षकाची तरतूदच नाही. ६० पर्यंत पट असलेल्या शाळेस दोन शिक्षक मिळतात व भाषा, गणितापासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत सर्व कामे त्यांनाच करावी लागतात. म्हणून खेळाच्या तासिकेस मुलांच्या हाती चेंडू देऊन शिक्षक कार्यालयात बसले, तर दोष केवळ त्यांच्या माथी मारणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. त्यांच्या आवाक्यातील पद्धती कोणती, हाच विचार अधिक उपयुक्त ठरेल.

तासिकेचा हिशेब :

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ५ ते १७ वयोगटातील बालकांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाची हालचाल करणे आवश्यक आहे. तसेच आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व अस्थी बळकट करणाऱ्या क्रिया व्हाव्यात. आता ४० मुलांच्या वर्गाने एका मैदानावर नियमानुसार खो-खो खेळला, असे समजू. दोन्ही बाजूंचे मिळून १८ खेळाडू. त्यांपैकी आठ चौरसांत बसलेले, सहा संरक्षक आपल्या पाळीची वाट पाहणारे. प्रत्यक्ष धावतात एक आक्रमक व तीन संरक्षक, म्हणजे ४० पैकी केवळ चार मुले. खेळ उत्तम, पण सुदृढतेच्या दृष्टीने तासिका जवळजवळ वाया गेली.

उपाय खेळातच दडलेला आहे. खांब न रोवता चुन्याने लहान लहान वर्तुळे आखून आठ-आठ मुलांचे पाच गट करावेत व गोल खो खेळवावा. एक मूल पळते, एक पाठलाग करते आणि प्रत्येकाची पाळी लवकर येते. साखळी व शिवाशिवी यांत तर बाद होणारे मूलही खेळातच राहते. लंगडीचा उल्लेख येथे मुद्दाम करावासा वाटतो. एका पायावर उड्या मारताना शरीराचा संपूर्ण भार आळीपाळीने त्या पायाच्या अस्थींवर पडतो व वाढत्या वयातील अस्थींना असाच आघात बळकट करतो. शिवाय तोल साधण्याची क्षमता वाढते. यासाठी एक रुपयाचेही साहित्य लागत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे शास्त्र ठाऊक नव्हते, खेळ मात्र ठाऊक होता !

मूल्यमापनाविषयी थोडेसे. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांमध्ये ५ ते ८ वयोगटासाठी शरीर वस्तुमान निर्देशांक, एका पायावरील तोल व हाताच्या हालचालींची गती एवढेच मोजले जाते. ६०० मीटर धावणे व ५० मीटर वेगाची चाचणी त्यापुढील वयासाठी आहे. तेव्हा दुसरीतील मुलांची धावण्याची शर्यत लावून क्रमांक काढणे शास्त्रास धरून नाही. मुलाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी व्हावी.

सवय कशी जडते ?

‘जेवणापूर्वी हात धुवावेत’ हे वाक्य फळ्यावर लिहून घेतल्याने हात धुतले जात नाहीत. सवय जडण्यासाठी निश्चित वेळ, निश्चित जागा आणि साधन हाताशी असणे आवश्यक असते. शालेय पोषण आहार ही त्यासाठी रोज लाभणारी संधी होय. खिचडी वाढण्यापूर्वीची रांग ताटांकडे न जाता आधी साबणाकडे गेली पाहिजे. जिल्ह्याने २०१६ सारखी तीव्र टंचाईची वर्षे अनुभवली आहेत. पाण्याअभावी हात धुणे हीच पहिली काटकसर ठरते. तळाशी छिद्र पाडून टांगलेला पाण्याचा डबा व जाळीत बांधलेला साबण यांनी तांब्याभर पाण्यात अनेक मुलांचे हात स्वच्छ होतात.

मशेरी व तंबाखूचा प्रश्न अधिक नाजूक आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु घरातील वडीलधारी मंडळीच मुलाला पुडी आणावयास पाठवितात. अशा वेळी मुलासमोर त्याच्या आईवडिलांची निंदा करणे टाळावे व विषय पालकसभेत मांडावा.

मैदानावर लवकर दम लागणाऱ्या मुलास ‘आळशी’ म्हणण्यापूर्वीही विचार व्हावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयोगटातील ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच बालके पुढे पहिलीत येतात. त्यांच्यासाठी जंतनाशक व लोहाच्या गोळ्या खेळाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

महाविद्यालयांची भूमिका :

भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, काही फडावर. राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची निवासी शिबिरे बहुधा याच हंगामात भरतात. शिबिरातील एक तास ग्रामस्वच्छतेऐवजी वसतिगृहातील मुलांसोबत लंगडी व गोल खो खेळण्यास दिला आणि महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांनी तेथील शिक्षकांना गट पाडण्याची पद्धत प्रत्यक्ष दाखविली, तर शिबिर संपल्यावरही ती तासिका चालू राहू शकेल.