डोंगरवाटा : लेखांक सातवा
बालाघाटचा कडा

मागील लेखांकात गेवराई आणि माजलगाव या तालुक्यांच्या काळ्या, सपाट शिवारांतून गोदावरीच्या दक्षिण तीराने आपण चाललो, तेव्हा दक्षिणेच्या क्षितिजावर जी एक निळसर रेघ दिवसभर सोबतीला होती, ती आजचा विषय आहे. सह्याद्रीची सवय जडलेल्या प्रवाशाच्या मनात ती रेघ पाहून प्रथम किंचित निराशा उत्पन्न होते; कारण तीत सुळका नाही, शिखर नाही, गवंड्याने दोरी धरून बांधलेल्या भिंतीच्या माथ्यासारखी ती कित्येक कोस सरळ गेलेली असते. परंतु बीड जिल्ह्यातील डोंगर समजून घ्यावयाचा तर ही सरळ रेघच प्रथम समजून घेतली पाहिजे, आणि तिचा उलगडा पुष्कळसा तिच्या नावातच दडलेला आहे.

‘बाला’ हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ ‘वरचा’. दख्खनच्या जुन्या सुलतानी आणि मोगली दप्तरांत घाटावरच्या मुलखास बालाघाट आणि घाटाखालच्या मुलखास पायीनघाट म्हणण्याचा प्रघात होता. वऱ्हाडच्या जमाबंदीतही ही विभागणी आढळते. म्हणजे बालाघाट हे मुळात एखाद्या डोंगराचे नाव नसून महसुली अंमलदाराने वरच्या पातळीवरील प्रदेशाला दिलेले नाव होय. बीड जिल्ह्यातील माणूस आजही गावाचा ठावठिकाणा सांगताना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ हेच दोन शब्द वापरतो, आणि पाटोदा घाटावर, गेवराई घाटाखाली, असे म्हटले की जमिनीचा पोत, विहिरीची खोली आणि पिकाची जात एवढे सगळे त्यात सांगून होते.

या रचनेचे कारण भूगर्भात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहून आलेला लाव्हा थरावर थर असा पसरत गेला आणि त्यापासून दख्खनचा काळा पाषाण झाला. हे थर बहुतांशी आडवे राहिले. त्यांना वळ्या पडल्या नाहीत. काही थर घट्ट, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर पावसापाण्याने झिजला की त्यावरचा घट्ट थर छज्ज्यासारखा पुढे येतो, कालांतराने तुटून पडतो, आणि मागे उभा कडा राहतो. म्हणून येथील डोंगराला पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या वर सपाटी आहे. घाम गाळून चढून जावे तर माथ्यावर भगवा झेंडा नव्हे, ज्वारीचे रान लागते. एका धनगराला मी वर काय आहे असे विचारले, तेव्हा तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “वर काय असतंय? वर रानच हाये. बघायचं तर कड्यावर थांबा अन् खाली बघा.” बालाघाटात हिंडण्याची सारी रीत त्या एका वाक्यात आली, असे माझे मत आहे. येथे प्रेक्षणीय स्थळ म्हणजे शिखर नव्हे, कडा होय; आणि दृष्टी वर न नेता खाली न्यावयाची असते.

प्रथम चढाईस बीड शहराच्या दक्षिणेचा मांजरसुंब्याचा घाट उत्तम. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 515 मीटर उंचीवर आहे, आणि घाटमाथ्याची उंच ठाणी आठशे मीटरांच्या पुढेमागे जातात. यावरून चढ किती बेताचा आहे याची कल्पना यावी. वाटेत खजाना विहीर चुकवू नये. निजामशाहीत बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने 1582 च्या सुमारास राजा भास्कर या स्थापत्यकाराकरवी ती बांधविली. घाटाकडून उतरत येणारे भूमिगत पाणी भुयारातून विहिरीत घ्यावयाचे आणि मोटेवाचून, निव्वळ उताराच्या बळावर, ते खालच्या शेतांना पोहोचवावयाचे, ही तिची योजना. ज्या उताराने आपली दमछाक होते, त्याच उताराचा इतका शहाणपणाने उपयोग करून घेणाऱ्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो. पुढे पालीजवळ बिंदुसरेचे धरण लागते. ही लहानशी नदी एरवी कोरडी. परंतु कड्यावरून सुटलेले पाणी सपाटीवर किती वेगाने येते याचा दारुण अनुभव 1989 च्या जुलै महिन्यात बीड शहराने घेतला, आणि त्या पुराची आठवण आजही तेथील वृद्धांच्या बोलण्यात येते.

घाटमाथ्यावर आल्यावर ‘गड’ हा शब्दही नव्या अर्थाने शिकावा लागतो. धारूरचा 1567-68 मधील आदिलशाही किल्ला वगळला तर येथील लोक ज्याला गड म्हणतात तेथे तट नाही, बुरूज नाही. नारायणगड काय, पाटोदा तालुक्यातील गहिनीनाथगड काय, किंवा सरहद्दीला लागून नगर जिल्ह्यात असलेला भगवानगड काय, ही सर्व संतांची आणि वारकऱ्यांची स्थाने आहेत. उंचावर तोफ नेण्याऐवजी वीणा नेणाऱ्या या मुलखाच्या वाटा त्यामुळे दिंड्यांनी रुळलेल्या आहेत, आणि परक्या प्रवाशाने आखीव मार्ग शोधण्यापेक्षा या वहिवाटीच्या वाटा विचाराव्या.

ऋतूविषयी थोडेसे. पर्जन्यछायेतील या जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून कार्तिकापर्यंतचा काळच हिंडण्यास योग्य. तेव्हा तरवड पिवळा फुलतो, कुसळी गवत कंबरेला लागते (पायांत जाड मोजे हवेत), आणि कड्याच्या कपारींतून सीताफळाची झुडपे लगडलेली असतात; या सीताफळाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याची गोडी खडकाळ, निचऱ्याच्या जमिनीची आहे. नायगावच्या मयूर अभयारण्यात, जे 1994 साली घोषित झाले, पहाटे गेल्यास मोरांची केका कड्यावर आदळून परत येते. दसरा उलटला की घाटावरच्या वाड्या ओस पडू लागतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर भरून रयत ऊसतोडीला जाते, आणि वाट विचारावयास घरी म्हातारे आणि लहान मुलेच भेटतात. पाण्याचा साठा त्यामुळे आपलाच आपण घ्यावा.

पाटोद्याच्या पठारावरून चालताना एक गोष्ट मात्र विसरू नये. याच पठारावर गवळवाडीजवळ मांजरा उगम पावते आणि आग्नेयेस निघून, एकूण सातशेहून अधिक किलोमीटर वाहून गोदावरीस मिळते; सिंदफणाही याच तालुक्यातील, ती उत्तरेच्या वाटेने गोदावरीसच जाते; परंतु विंचरणा दक्षिणेकडे जामखेडच्या दिशेने उतरते, सीनेला मिळते, आणि सीना-भीमेच्या वाटेने तिचे पाणी कृष्णेचे होते. दोन महानद्यांची वाटणी करणारी ही सीमा डोळ्यांना दिसत नाही. तेथे उंचवटाही जाणवत नाही, एखाद्या जिराईत शेताचा साधा बांधही ते काम करीत असतो.

हे विंचरणेचे पाणी सौताड्यास कड्यावरून कोसळते, आणि बालाघाटातील दरीचे सर्वांत देखणे रूप तेथे पाहावयास मिळते. बीड-नगर रस्त्यालगतच्या सपाट माळावरून माणूस सहज चालत येतो, आणि पूर्वसूचना न देता जमीन पायांखालून सरते. तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे; पायऱ्यांनी उतरत जावे, पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवर घाई करू नये, आणि कड्याच्या टोकाशी ओल्या दगडावर मुळीच उभे राहू नये. मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारेचीही ठेवण अशीच. वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी तेथे धबधब्याच्या सान्निध्यात आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेस यात्रेकरूंची दाटी होते, तेव्हा निवांतपणा हवा असणाऱ्याने ते दिवस टाळावेत. सौताड्यास मात्र कोणत्याही आडवारी जावे. देवळापाशी पोहोचल्यावर मान वर करून कड्याचे थर मोजीत बसावे : घट्ट, ठिसूळ, पुन्हा घट्ट; आणि सर्वांत वरच्या थराच्या ओठावर, तुषारांच्या पडद्याआड, ज्या माळावरून आपण आलो त्या माळावरचे गवत वाऱ्याने हलताना दिसते.