शालेय इमारतींचे भूकंपरोधी दृढीकरण

जुन्या शालेय इमारतीचे नूतनीकरण करताना तिची भूकंपाचे हादरे सोसण्याची क्षमता वाढविण्यासाठी जे स्थापत्यकाम करण्यात येते, त्यास भूकंपरोधी दृढीकरण म्हणतात. तडे बुजविणे, गिलावा व रंग देणे यांमुळे इमारतीचे रूप पालटते, बळ वाढत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ४ च्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात ६.२ महत्तेचा भूकंप झाला. लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांत सु. ८,००० माणसे दगावली. धाराशिव जिल्ह्यात सास्तूर व लगतच्या गावांची मोठी हानी झाली. वेळ पहाटेची असल्याने वर्ग रिकामे होते. हा प्रदेश तोवर भारतीय मानकाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द होऊन किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात आला. साहजिकच त्यापूर्वीच्या बहुतेक बांधकामांत भूकंपाचा विचार झालेला नव्हता.

या भागातील जुन्या दगडी भिंतीत दोन दर्शनी थर व त्यांमध्ये लहान दगडांची भर असते. सांधे मातीचे असतात. हादऱ्याने थर एकमेकांपासून सुटतात, भिंत फुगते आणि वरील माळवदाच्या भाराने कोसळते. म्हणून प्रथम भार कमी करावा लागतो : माळवदावर साचलेली जादा माती काढतात. त्यानंतर भिंतीला आरपार छिद्रे पाडून त्यांत आकड्याची सळई व काँक्रीट भरतात व दोन्ही थर जखडतात. नव्या बांधकामात हेच काम आरपार दगड करतात. ते ६० सेंमी. उंचीमागे व आडव्या दिशेत १.२ मी. पेक्षा अधिक अंतर न ठेवता बसवावयाचे असतात. दारे-खिडक्यांच्या लिंटलच्या पातळीवर तारजाळी व सिमेंटचा सलग पट्टा भिंतींना बाहेरून व आतून देतात. कोपऱ्यांत उभ्या सळया बसवितात. छपराच्या लाकडी खांब-तुळयांना तिरके टेकू देतात. अशा कामांची मार्गदर्शक तत्त्वे भारतीय मानक १३९३५ मध्ये (१९९३, सुधारित आवृत्ती २००९) दिली आहेत.

नूतनीकरणामुळे इमारत दुबळीही होऊ शकते. जुन्या भिंतींवर काँक्रीटची स्लॅब किंवा नवा मजला चढविणे, कोपऱ्यालगत खिडकी फोडणे, दोन वर्गांमधील भिंत काढणे ही त्याची उदाहरणे होत. भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीनुसार जुन्या इमारतीशी जोडलेल्या वाढीव बांधकामामुळे एखाद्या घटकावरील भूकंपबल ५ टक्क्यांहून अधिक वाढत असेल, तर ते सोसण्याची त्याची क्षमता सिद्ध व्हावी लागते. तसे नसल्यास संपूर्ण इमारत नव्या इमारतीच्या निकषांस उतरली पाहिजे. शाळांसाठी याच मानकात सर्वसाधारण घरांच्या दीडपट बल गृहीत धरले आहे.

कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे १० मार्च १९३३ रोजी सायंकाळी झालेल्या भूकंपात अनेक शाळा कोसळल्या. मुले घरी गेली होती म्हणून वाचली. महिन्याभरातच तेथे शालेय बांधकामावर शासकीय देखरेख आणणारा फील्ड कायदा झाला. भूकंपाची वेळ माणसाच्या हाती नसते. दुरुस्तीची मात्र असते. त्यामुळे शाळेच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक करण्यापूर्वीच स्थापत्य अभियंत्याकडून तिच्या भिंती, पाया व छप्पर यांची तपासणी होणे अगत्याचे असते.