एकाच दाण्याचं पातं

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी ओतकाम शिकलो. तिथला पहिला धडा म्हणजे ओतलेला तुकडा गार झाला की मोडायचा आणि मोडलेल्या तोंडावरचा दाणा बघायचा. दाणा बारीक तर माल चांगला. तो बारीक यावा म्हणून लेडलमध्ये फेरोसिलिकॉन टाकायचं. वीस वर्षं हेच करून इंग्लंडमधल्या मिडलँड्स भागातल्या एका ओतशाळेत चार महिन्यांसाठी गेलो, तर तिथे सगळं उलटं. वीतभर लांबीचं पातं ओतायचं आणि त्यात दाणा एकच हवा. दुसरा दिसला की माल बाद.

हे पातं विमानाच्या जेट इंजिनात, ज्वलनकक्षाच्या लगेच मागे फिरतं. त्याच्या अंगावरून जाणारा वायू धातूच्या वितळबिंदूपेक्षाही तापलेला असतो. पातं टिकतं ते आतल्या बारीक वाटांमधून खेळणाऱ्या हवेमुळे आणि वरच्या सिरॅमिकच्या लेपामुळे. वर गरगर फिरण्याचा ताण कित्येक टनांचा. अशा उष्णतेत धातू एकदम तुटत नाही, तो हळूहळू लांबतो. याला क्रीप म्हणतात. लांबण्याची सुरुवात बहुधा दोन दाण्यांच्या, म्हणजे स्फटिकांच्या, सीमेवर होते, कारण तिथे अणूंची मांडणी विस्कटलेली असते. मग सीमाच नको, असा हा हिशोब. प्रॅट अँड व्हिटनीने त्यावर १९६० च्या दशकात काम सुरू केलं आणि १९८२ मध्ये अशी पाती प्रवासी विमानाच्या इंजिनात बसली.

साच्याची रीत मेणाचीच. मेणाचं पातं करायचं, त्यावर सिरॅमिकचे थर चढवायचे आणि वाफेने मेण काढून टाकायचं. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे, ती याच घराण्यातली. फरक इतकाच की इथे मेणाच्या पोटात सिलिकेचा नाजूक गाभा असतो. हवेच्या वाटा तोच ठेवतो. शेवटी कॉस्टिकमध्ये तो विरघळवून काढतात.

पुढचं मात्र मी कुठे पाहिलं नव्हतं. साच्याचा तळ उघडा असतो आणि तो पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या ताटलीवर बसतो. निर्वात भट्टीत साचा आधीच १५०० अंशांच्या आसपास तापवलेला असतो, त्यामुळे धातू ओतल्यावरही द्रवच राहतो. गोठणं सुरू होतं ते फक्त तळाशी. मग साचा भट्टीतून खाली उतरवायचा, मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर. पंचवीस सेंटीमीटरला जवळपास दीड तास. स्फटिक असा सावकाश वाढवण्याची ही तऱ्हा पर्सी ब्रिजमन या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९२५ च्या सुमाराला मांडली.

तळाशी शेकडो दाणे एकदम वर निघतात. ज्यांची वाढीची दिशा सरळ उभी, ते बाकीच्यांना दाबत पुढे जातात. वर एक पिळाची बारीक नळी असते. तिला तिथे पिगटेल म्हणतात, मला ती शेंडीच वाटली. त्या पिळातून एकच दाणा बाहेर पडतो आणि पुढचं सगळं पातं त्याचंच होतं. भट्टीच्या झरोक्यातून यातलं काहीच दिसत नाही. नुसता पांढरा उजेड, आणि शेजारी मिलिमीटर मोजणारा आकडा.

माझी चूक झाली ती यानंतर. पातं बाहेर काढताना बुंध्यापाशी साच्याचा एक तुकडा चिकटून राहिला होता. उद्यमनगरची सवय. छोटी हातोडी घेतली आणि दोन टिचक्या मारल्या. तुकडा निघाला. पातं आम्लात बुडवून तपासलं. एक दाणा असला की सगळं अंग एकाच चमकीने उजळतं, तसं ते उजळलं. क्ष-किरणांनी दिशाही बरोबर आली.

मग उष्णोपचार. सीएमएसएक्स-४ या मिश्रधातूत तीन टक्के रेनियम असतं. ओतल्यावर रेनियम आणि टंगस्टन स्फटिकाच्या फांद्यांच्या गाभ्यात साठतात, ॲल्युमिनियम आणि टॅन्टलम फांद्यांच्या मधल्या फटीत. ही असमान मांडणी मोडायला धातू खूप तापवावा लागतो, पण फटीतला भाग लवकर वितळतो. म्हणून पायऱ्या. १२७७ अंशांवर चार तास, मग १२८७, १२९६, असं चढत चढत १३२१ पर्यंत. एकूण वीसेक तास. पुढच्या पायरीची घाई केली तर पातं आतून पाझरतं. मग आर्गॉन वायूच्या झोताने झटपट गार करायचं आणि पुन्हा दोनदा तापवायचं, ११४० अंशांवर काही तास आणि ८७० च्या आसपास वीस तास.

हे सगळं कशासाठी, ते सूक्ष्मदर्शकाखाली कळतं. शहाबादी फरशी बसवल्यासारखे चौकोन ओळीने मांडलेले असतात, मधे चुन्याच्या रेघेएवढी फट. प्रत्येक चौकोन म्हणजे निकेल-ॲल्युमिनियमचा घन, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचा. सत्तर टक्के जागा या घनांचीच. त्यांची एक खोड न्यारी आहे. सुमारे ८०० अंशांपर्यंत तापतील तसे ते अधिक मजबूत होत जातात.

माझं पातं उष्णोपचारातून आलं आणि पुन्हा आम्लात गेलं. बुंध्यापाशी नखाएवढा ठिपका निराळ्या चमकीचा. हातोडीच्या टिचक्यांनी तिथला स्फटिक आतून किंचित मुरडला होता. गार असताना त्याने ते दाखवलं नाही. १३०० अंशांपलीकडे ते घन विरघळले, मुरड धरून ठेवणारं काही उरलं नाही आणि त्या जागी नवे दाणे उगवले. शॉपमधल्या जुन्या कारागिराने ठिपका पाहिला आणि हातोडी कुठली वापरलीस, एवढंच विचारलं. त्याला उत्तर नको होतं.

आपल्याकडे हैदराबादच्या डीएमआरएल प्रयोगशाळेनेही एकाच दाण्याचं पातं ओतण्याचं तंत्र उभं केलं आहे. हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठीच्या तीनशे पात्यांपैकी साठ पाती तिने २०२१ मध्ये एचएएलला दिली. साठ हा आकडा मला मुळीच लहान वाटत नाही.

माझ्या पात्याची दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. ते पुन्हा वितळवायच्या डब्यात गेलं. रेनियम असतं त्यात, कुणी फेकत नाही.