नळी आणि गाडा

जपानमधल्या कुरे शहरातल्या संग्रहालयात ‘यामातो’ या युद्धनौकेची एक-दशांश आकाराची प्रतिकृती आहे. २००५ साली ती लोकांसाठी खुली झाली. मूळ जहाज २६३ मीटर लांब होते, प्रतिकृती २६.३ मीटर आहे. म्हणजे ‘प्रतिकृती’ म्हणायचे खरे, पण ती एखाद्या वाड्याच्या चौकातही मावणार नाही. बघणाऱ्याची नजर आधी ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ मुख्य तोफांवर जाते. मग ती मधल्या भागात, धुराड्याच्या दोन्ही अंगांना अडकते, कारण तिथे साळिंदराच्या पाठीसारख्या बारीक नळ्या आभाळाकडे रोखलेल्या आहेत. या विमानभेदी तोफा. प्रतिकृती जहाजाच्या शेवटच्या, एप्रिल १९४५ मधल्या रूपाची असल्याने त्यांची गर्दी अधिकच दाट दिसते. एवढ्या नळ्या असताना हे जहाज विमानांनी बुडवलेच कसे, हा प्रश्न कोणालाही पडेल. माझ्या मते प्रश्नाची मांडणीच चुकते आहे. नळ्या इतक्या वाढल्या, याचाच अर्थ मुळातली तोफ कामाला कमी पडत होती. हे समजून घ्यायला कुरेपेक्षा जबलपूर अधिक उपयोगी पडते.

जबलपूरचा ‘यामातो’शी काडीचाही संबंध नाही. समुद्र शेकडो मैल दूर, आणि जवळ पाणी म्हणावे तर नर्मदेचे. पण १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग या गावातून जोडला गेला, आणि १९०४ साली इथे ‘गन कॅरेज फॅक्टरी’ उभी राहिली. मुंबईत कुलाब्याला आणि मद्रासेत पूर्वीपासून असलेले तोफगाड्यांचे काम इथे एकवटले. शहरात कोणी पूर्ण नाव घेत नाही, सगळे ‘जीसीएफ’ म्हणतात. पण पूर्ण नाव एकदा नीट वाचावे. कारखाना तोफांचा असला तरी नाव गाड्याचे आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा फरक समजवायला नको. आपल्या कितीतरी गडांवर तोफा गवतात आडव्या पडलेल्या होत्या. दुर्गसंवर्धन करणाऱ्या मंडळींनी सागवानी गाडे करवून त्यांवर चढवल्या, तेव्हा कुठे त्या पुन्हा तोफा दिसू लागल्या. गाड्याविना तोफ म्हणजे लोखंडी ओंडका. धक्का सोसणे, नळी वरखाली आणि डावी-उजवी फिरवणे, नेम धरून ठेवणे ही सगळी कामे गाड्याची. लक्ष्य ताशी चारशे किलोमीटरने अंगावर येत असेल, तर नळीइतकाच, किंबहुना जास्त, भरवसा गाड्यावरच ठेवावा लागतो.

आता ‘यामातो’च्या त्या बारीक नळ्यांकडे जवळून पाहू. ही २५ मिलिमीटरची ‘टाइप ९६’ तोफ. मूळ आराखडा फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीचा, जपानने तो आपलासा केलेला. डिसेंबर १९४१ मध्ये जहाज नौदलात दाखल झाले, तेव्हा अशा नळ्या २४ होत्या, तीन-तीनच्या आठ जोडण्यांत. शेवटच्या सफरीपर्यंत त्या दीडशेच्या घरात गेल्या. या तोफेत काडतुसे वरून बसवायच्या पेटीतून येत, आणि पेटीत काडतुसे होती फक्त १५. तोफेचा वेग मिनिटाला सुमारे २२० गोळ्यांचा. हिशेब सोपा आहे: पेटी चार सेकंदांत रिकामी. मग तोफ थांबणार, सैनिक रिकामी पेटी काढणार, शेजारून भरलेली जड पेटी उचलून बसवणार, आणि पुन्हा चार सेकंद. त्यामुळे प्रत्यक्षात वेग निम्म्यावर, म्हणजे मिनिटाला ११०-१२० वर येई. गोळा पाव किलोचा. परिणामकारक पल्ला इतका तोकडा, की टॉर्पेडो टाकणारे विमान आपले काम उरकून वळेपर्यंत त्याच्यावर फार थोडे क्षण नेम राही. युद्धानंतर अमेरिकी नौदलाच्या तंत्रज्ञांनी जपानी शस्त्रांची तपासणी केली, त्यातही याच तक्रारी आहेत: तोफ हादरते, सावकाश फिरते, पेटी लहान, नेम धरायचे साधन अपुरे. या चारपैकी एकही तक्रार नळीबद्दल नाही. २५ मिलिमीटरच्या वर एकदम १२.७ सेंटिमीटरच्या २४ तोफा, मधल्या मापाचे काहीच नाही. अंगणातले कुंपण आणि वेशीची भिंत, मधला सगळा परिसर मोकळा.

ती मधली जागा अमेरिकेने ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफेने भरली. गोळा सुमारे ९०० ग्रॅमचा, म्हणजे जपानी गोळ्याच्या साडेतीनपट. त्याहून महत्त्वाची आहे भरण्याची रीत. चार-चार काडतुसांची क्लिप वरून आत ढकलायची. तोफ उडत असतानाच भरणारा पुढची क्लिप ठेवत जातो, त्यामुळे धार तुटत नाही. जपानलाही हे उमगले होते. १९४२ साली सिंगापूर पडले, तेव्हा ब्रिटिशांच्या बोफोर्स तोफा त्याच्या हाती लागल्या. त्यांची नक्कल जपानने ‘टाइप ५’ म्हणून करायला घेतली, पण युद्ध संपेपर्यंत ती मोजक्याच संख्येत तयार झाली. त्याच बोफोर्सची पुढची पिढी म्हणजे एल-७०, आणि ही तोफ जबलपूरच्या जीसीएफमध्ये परवान्याने बनली. दुसऱ्या महायुद्धात इथेच खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला होता. एल-७० चा दारूगोळा तिथला. म्हणजे गाडा आणि त्यात भरायचे काडतूस ही दोन्ही कामे एकाच शहरात, आणि चाचणीचे लांब पल्ल्याचे मैदानही खमरियालाच. एल-७० चा आराखडा आज सत्तरीला टेकला आहे. तरी मे २०२५ मध्ये पाकिस्तानी ड्रोन पाडायला भारतीय लष्कराने हीच तोफ वापरली. नळी जुनीच, पण फिरवणारी मोटार, रात्री पाहणारा कॅमेरा आणि लक्ष्यामागे आपोआप जाणारी यंत्रणा नवी. सत्तर वर्षांत बदलले ते नळीमागचे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की जहाज बुडाले त्या दिवशी, ७ एप्रिल १९४५ रोजी, ‘यामातो’वर विमानांचे छत्र नव्हते, शिवाय ढग खाली उतरलेले होते. अशा वेळी कोणतीही तोफ काय करणार? आक्षेप खरा आहे. स्वतःच्या विमानांचे संरक्षण नसलेले जहाज तोफांच्या जोरावर वाचते, असा दावा मीही करणार नाही. पण जहाज वाचले असते का, हा वेगळा प्रश्न आहे. मी विचारतो ते इतकेच, की त्या तोफांनी किंमत किती वसूल केली? त्या दिवशी अमेरिकेने साडेतीनशेहून अधिक विमाने सोडली आणि गमावली दहा. समोर दीडशे नळ्या, शिवाय सोबतच्या क्रूझर-विनाशिकांच्या वेगळ्या. ‘यामातो’सह सुमारे तीन हजार माणसे बुडाली. दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो: ऑक्टोबर १९४२ मध्ये सांताक्रूझच्या लढाईत ‘साउथ डकोटा’ या अमेरिकी युद्धनौकेने २६ विमाने पाडल्याचे सांगितले होते, म्हणजे तोफा चांगल्या असतील तर जहाज स्वतःला वाचवू शकते. हा आकडा मी पुढे करणार नाही. धुमश्चक्रीत एकच विमान चार तोफा आपले म्हणतात, आणि तिथेही तसेच झाले असणार. माझा पुरावा त्याहून साधा आहे. १९४३ पासून अमेरिकेने आपल्या पाच इंची तोफांच्या गोळ्यांत विमानाजवळ जाताच आपोआप फुटणारा रेडिओ फ्यूज बसवला. जपान वेळ लावून फुटणाऱ्या फ्यूजवरच राहिला. एकाने गोळ्याच्या टोकावर मेहनत घेतली, दुसऱ्याने नळ्या वाढवल्या.

प्रतिकृती करणाऱ्यांची अडचण इथेच आहे. शरणागतीच्या वेळी जपानी नौदलाने कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर जाळली. म्हणून कोणती तोफ कुठे होती, शेवटच्या क्षणी नळ्या नेमक्या किती, यावर आजही जाणकारांत वाद चालतो. हौशी मंडळींमध्ये लोकप्रिय असलेल्या, मूळच्या ३५०व्या हिश्श्याएवढ्या ‘यामातो’त २५ मिलिमीटरची नळी ०.०७ मिलिमीटर व्हायला हवी. ते प्लॅस्टिकला जमत नाही, म्हणून लोक पितळेच्या बारीक नळ्या वेगळ्या मागवून बसवतात, आणि दीड मीटरची नळी चार मिलिमीटरची करून दाखवतात. हा कष्टाचा सोस मला कौतुकास्पद वाटतो. पण सगळी मेहनत नळीवर खर्च होते. दिवाळीत अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर मावळा दरवाजाहून उंच असतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण किल्ला मोजून पाहायचा नसतो. कुरेची प्रतिकृती मात्र मोजून पाहायचीच आहे. तिथे बारकाईने पाहणाऱ्याला काही तोफांवर घुमटासारखी पोलादी कवचे दिसतील, तर बाकीच्या उघड्या. मुख्य तोफांच्या हवेच्या धक्क्यापासून बचावाची ती कवचे. पुढे घाईघाईने वाढवलेल्या अनेक तोफांना ती मिळाली नाहीत. डेकवर जागा होती तिथे तोफ बसवली, आणि तिच्यामागच्या माणसाचा विचार नंतर करू, असे झाले.

तोफ कोणाची, असे विचारले की सहसा नळीचे माप सांगितले जाते. जबलपूरचे उत्तर वेगळे. ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा ‘धनुष’ तोफा जीसीएफमधून लष्कराला सोपवल्या गेल्या. त्यांच्या नळ्या कानपूरच्या, गाडे आणि जुळणी जबलपूरची. तेव्हा कधी कुरेला जाणे झालेच, तर नळ्या मोजत बसू नका. एखादी तीन नळ्यांची उघडी जोडणी निवडा, नळ्यांवर बसवलेल्या पेट्या शोधा, आणि सावकाश चार मोजा. तेवढ्यात ती तोफ रिकामी होत असे.