वाँटेज ते चेल्टनहॅम : एका शिक्षिकेचा परदेशवास

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील व्यापारी घराण्यांतून मुलींनी बी.एड. करणे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यांपैकी एखादीला परदेशातील शाळेत नेमणूक मिळण्याचा योग आला, की घरात पहिला प्रश्न निघतो तो आहाराचा. कंदमुळे वर्ज्य, अंडे वर्ज्य; त्यातून इंग्लंडसारख्या देशात डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणजे शाळा सुटून घरी पोहोचेपर्यंत चौविहाराची वेळ टळून गेलेली. पगार, घरभाडे, बचत यांचा हिशेब त्यानंतर मांडला जातो. वडीलधाऱ्यांची ही चिंता कोणाला जुनाट वाटेल. पण परक्या देशात नव्याने शिकवू लागलेल्या माणसाची खरी कसोटी अशाच लहान गोष्टींत लागते. पंडिता रमाबाईंचे इंग्लंडमधील दिवस याची साक्ष देतात.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि तिने मुलीला. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ मध्ये रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी यांचे निधन झाले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यास आल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस जावे, असे त्यांच्या मनात होते. पैसा कोठून आणावयाचा? त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि त्याच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा केला. पुण्याहून मुंबईस जाणारा लोहमार्ग तेव्हाही बदलापूर-अंबरनाथवरूनच जात होता. उल्हासनगर मात्र अजून नकाशावर नव्हते. ते फाळणीनंतर वसले.

१८८३ च्या उन्हाळ्यात त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनीसंघाच्या मठात उतरल्या. व्यवहार स्पष्ट होता : हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावी आणि त्याच्या मोबदल्यात राहण्या-जेवण्याची सोय व्हावी. विद्येच्या बदल्यात निवारा हा सौदा व्यापाऱ्याला सहज उमजेल. आपण कोणाच्या दानावर जगत नाही, ही जाणीव त्यातून राहते, आणि रमाबाईंना तिचे मोल फार होते. पण श्रवणशक्ती उणावत गेल्याने वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तेथेच दुःखद अंत झाला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यावरून महाराष्ट्रात जे वादळ उठले, त्याचा न्यायनिवाडा येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच, की धर्म बदलला तरी ताट बदलले नाही.

पुढे त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या छत्राखाली त्या तेथे इंग्रजी, गणित आणि विज्ञान शिकत आणि संस्कृत शिकवीत. एकाच इमारतीत कधी बाकावर बसणे आणि कधी फळ्यापुढे उभे राहणे, असा तो दिनक्रम. शिक्षिका म्हणून हाती घेतलेली भाषा मायबोलीसारखी. पण ती समजावून सांगावयाची परक्या इंग्रजीत, तेही कानांनी पुरती साथ न देता.

शाकाहार त्यांनी सोडला नाही. अंडे घातलेले पुडिंगसुद्धा त्या नाकारीत. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांना हा जुन्या जातीचा अहंकार वाटला. रमाबाईंनी पत्रातून दिलेले उत्तर परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. आशय असा : तुम्ही म्हणता ते माझे पूर्वग्रह असतीलही, परंतु एखादी इंग्रज स्त्री हिंदूंमध्ये राहावयास गेली आणि कोणास उपद्रव न होणाऱ्या आपल्या चालीरीती तिने टाकल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? या युक्तिवादात चीड आहे, पण हेकटपणा नाही. यजमानाचे मीठ खाऊनही त्याला ‘नाही’ म्हणता येते, आणि ते पत्रातून, कारणासहित, म्हणता येते.

दुसरा संघर्ष अधिक कठीण होता. रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावे, असा विचार निघाला. तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांचे मत घेण्यात आले आणि ते प्रतिकूल पडले. पुरुषांना शिकविल्यास मायदेशी त्यांच्या कार्याला बाधा येईल, असे कारण पुढे आले. रमाबाईंनी नवल व्यक्त केले, की माझ्या आईने व मी तरुणांना शिकविण्यास वडिलांनी किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही, आणि येथे ती इंग्रज लोक घेत आहेत! सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशात हिंदू शास्त्र्याच्या मुलीला हे सुनवावे लागले. बील बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार मात्र मोकळा राहिला. धर्मतत्त्वांविषयीच्या शंकाही त्या त्यांच्यापुढे निःसंकोच मांडीत. परक्या मुलखात वरिष्ठांपैकी एक जरी समजून घेणारे असले, तरी नव्या शिक्षिकेला तग धरता येतो.

१८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियास गेल्या. कारण आपल्या परिसराला अभिमान वाटावा असे होते : कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ११ मार्चला तेथे डॉक्टर होत होत्या. थोड्या काळासाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत सुमारे तीन वर्षे राहिल्या, आणि तेथे पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा त्यांनी अभ्यास केला. गावोगावी व्याख्याने देऊन विधवांच्या शाळेसाठी निधी उभारला. बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीचे वचन दिले.

बरोबर ११ मार्च याच तारखेला, १८८९ मध्ये, मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी दोनच. त्यांपैकी गोदूबाई ही बालविधवा पुढे धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली. १८९३ मध्ये सदनावर धर्मांतराचे आरोप झाले, तो इतिहास निराळा आणि कटू आहे. पण आरंभी घालून दिलेला एक नियम येथे नोंदविण्याजोगा आहे : सदनातील मुलींना सोवळे, स्वयंपाक आणि आहार यांबाबत आपापल्या घरची रीत पाळण्याची पूर्ण मुभा होती.